पहिला हार कोणाचा

लताबाई औंढेकरांच्या तोंडून 'हो' फार लवकर निघतं, हे लातुरातल्या निम्म्या देवळांना माहीत होतं. नवरात्रात कीर्तन सांगा. हो. उद्याच आहे. हो. माइक नाही. बरं, हो. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्याहून जास्त वर्षं नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या, पण 'बघते, कळवते' एवढे दोन शब्द काही बाईंना कधी जमले नाहीत.

त्या सकाळी तालीम चालली होती. पेटीवर दयानंद. बावीस वर्षांची जोडी. रविवारी सकाळी हा पिंपळवाडीच्या मेथडिस्ट चर्चमध्ये ख्रिस्ताची गीतं वाजवायचा आणि संध्याकाळी लातुरात येऊन बाईंच्या मागे त्याच बोटांनी भैरवी धरायचा. सूर चुकणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं. आणि आज तीनदा चुकला.

"भाऊ, कुठं आहे लक्ष?"

दयानंदने भाता बंद केला. "बाई, पोरीचं लग्न मोडून राहिलंय."

ऋतुजा म्हणजे त्याची एकुलती एक. सुदर्शनशी जमलं होतं. दोघंही पिंपळवाडीचेच, घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर. पोरगा नांदेडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये, पोरगी लातूरच्या शाळेत. पत्रिका नको, हुंडा नको, दोन्हीकडचे खूश. पण देवणीपासून दोन कोसांवरच्या त्या एवढ्याशा गावात चर्चेस दोन. रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाला मेथडिस्ट, पश्चिमेच्या टोकाला कॅथलिक, मधोमध शाळेचं पटांगण. ऋतुजा पूर्वेची, सुदर्शन पश्चिमेचा.

"माझे चुलते गुरुपादप्पा म्हणतात, कॅथलिकांनी मूळ धर्मावर मेण सांडून सांडून पार झाकून टाकला. आम्ही तो खरवडून होता तसा केला. आणि सुदर्शनची आजी केवळाबाई म्हणते, तुमचं चर्च कालचं पोर, आमची गादी थेट पेत्रापासून. शेवटी दोघांनी तोड काढली. ज्याचं चर्च मूळचं, त्याच्यात लग्न."

"आणि मूळचं कुठलं ते कोण ठरवणार?"

"तेच तर! फादर आपलं सांगणार, पाळकसाहेब आपलं. मग केवळाबाई म्हणाली, ती तुझी कीर्तनवाली बाई हिस्ट्रीची मास्तरीण हाय ना? ती ना तुमच्यातली, ना आमच्यातली. तिलाच आण. लहानपणी आमच्यातबी कीर्तन व्हायचं, आता ऐकून जमाना झाला."

"हो," लताबाई म्हणाल्या.

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. पण दयानंदचा चेहरा इतका उजळला होता की आता शब्द परत घेणं म्हणजे फुललेल्या झाडाला 'मिट' म्हणण्यासारखं झालं असतं.

मग महिनाभर बाई पुस्तकांत बुडाल्या. इतिहास शिकवताना ल्यूथर एका परिच्छेदात उरकायचा असायचा. आता तो अख्खा माणूस होऊन समोर आला, चर्चच्या दारावर आक्षेप ठोकायचा हातोडा हातात घेऊन. वाचता वाचता बाई एकट्याच हसायच्या. किती भांडले हे लोक, आणि किती प्रेमाने! एका शब्दासाठी सम्राटाला जागवायचे, एका भाकरीच्या तुकड्यासाठी, ती खमीर घातलेली असावी की नसावी यासाठी, राज्यं दुभंगायची. देव आपलाच आहे असं इतक्या जिवाच्या आकांताने वाटावं, याचंच बाईंना मोठं कौतुक वाटे. फोन करकरून त्यांनी फादरना भंडावलं, पाळकसाहेबांना भंडावलं, आणि दोघांनीही 'बाई, तुम्हाला आतून समजलंय' असं वेगवेगळं सांगितलं.

एक चूक मात्र झाली, आणि ती बाईंचीच. गुरुपादप्पांचा फोन आला, व्यवस्था काय काय लागते म्हणून. बाईंनी सवयीने सांगून टाकलं: एक सतरंजी, एक समई किंवा मेणबत्ती, आणि पूर्वरंग संपला की मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात, तो मानकऱ्याने घालायचा. हार पडल्याशिवाय उत्तररंग सुरू होत नाही.

"मानकरी म्हंजे कोण?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"ज्याचा मान मोठा तो. मूळ पुरुष, वतनदार, कुणीही," बाई म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

पिंपळवाडीत संध्याकाळपर्यंत बातमी पोचली: बाई ज्याचा हार आधी घेतील, ते चर्च मूळचं.

*

जानेवारीतला शनिवार. दुपारी चारला पटांगण गच्च. पूर्वेकडून मेथडिस्ट येऊन उजवीकडे बसले, पश्चिमेकडून कॅथलिक येऊन डावीकडे, आणि मध्ये उरलेलं सगळं गाव, कारण कीर्तन कुणाचंही असो, फुकट असतं. हणमंतराव पाटील एकबैली गाडीसकट आले होते. शेतावरून येताना वाटेत थांबलेले. त्यांचा देवणी बैल, बादशाह, पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके, गळ्यात घुंगरू, गाडीला जुंपल्या जागीच रवंथ करत उभा.

बाई गादीवर उभ्या राहिल्या. नमन केलं. गादीवर चढलं की बाईंचं वय कुठेतरी खाली राहायचं. चिपळ्या वाजल्या.

"तर मंडळी! पेत्र. कोळी माणूस. जाळं फेकणारा. प्रभूंनी त्याला म्हटलं, तू खडक. या खडकावर मी माझी मंडळी बांधीन."

डावीकडून टाळ्या. केवळाबाईंनी, वय चौऱ्याऐंशी, पदर सारखा करून उजवीकडे एक नजर टाकली.

"या पेत्राला सासू होती!"

"आं?" केवळाबाई.

"होती. तापाने फणफणली होती, प्रभूंनी हात धरून उठवली, आणि उठल्या उठल्या तिने सगळ्यांना जेवायला वाढलं. ज्याला पहिला पोप म्हणतात, त्याच्या घरी सासू नांदत होती, मंडळी!"

उजवीकडे हशा फुटला. गुरुपादप्पा उभेच राहिले. "ऐकलं का केवळाबाई? सासू! अय्यो, सासू!"

"बस की खाली. तुझ्या घरात बी हाय सासू, म्हणून का तू पोप झालास?"

बाई पुढे निघाल्या. निघाल्या म्हणजे कशा, धबधबाच. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांचं भांडण सांगितलं, एकाने दुसऱ्याच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र नेऊन आपटलं ते सांगितलं. एकाच वेळी तीन पोप झाले आणि तिघेही एकमेकांना खोटे म्हणू लागले ते सांगताना तीन आवाज काढले. ल्यूथरच्या हातोड्याला तबलजीने अशी काही थाप दिली की मागची पोरं दचकली. इंग्लंडच्या हेन्री राजाला नवी बायको हवी म्हणून नवं चर्च झालं, हे सांगितल्यावर हणमंतराव गाडीवरूनच म्हणाले, "मंजे आमच्या तालुक्यातल्या पुढाऱ्यागत हाय हे." मग ज्याच्यापासून मेथडिस्ट निघाले तो वेस्ली आला. बाईंनी साकी घेतली:

*घोड्यावरुनी वेस्ली निघाला, ऊन पाऊस ना पाही।*
*दार लाविले देवळाने तरी, रान मोकळे राही॥*

दयानंदने पेटीवर घोडा दौडवला. उजवी बाजू डोलू लागली. कुणी म्हणालं वन्समोअर, बाईंनी वन्समोअर दिलं.

"आणि या वेस्लीने मरेपर्यंत काय म्हटलं माहीत आहे? मी नवं चर्च काढलंच नाही! मी जुन्याच चर्चचा पाद्री!"

आता डावीकडे हशा. केवळाबाईंनी तर मांडीवर थाप मारली. "बघ गुरुपाद्या, तुझ्याच मूळपुरुषाला तुझं चर्च ठावं न्हाई!"

"खोटं!"

"बाई म्हणून राहिल्यात, मी न्हाई!"

असा तो पूर्वरंग रंगला. बाईंचा बेत साधा होता. सगळ्यांना सारखं हसवायचं, सारखं टोचायचं, आणि उत्तररंगात काना गावचं लग्न लावून, पाण्याचा द्राक्षारस करून, सगळ्यांची मनं विरघळवून लातूरची गाडी धरायची. निवाडा द्यायचाच नाही. बाईंनी गजर केला, चिपळ्या थांबवल्या, आणि मध्यंतरासाठी डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तर समोर दोन हार.

उजवीकडून गुरुपादप्पा, ओल्या फडक्यातून काढलेला उदगीरचा गुलाबाचा हार दोन्ही हातांत. डावीकडून केवळाबाई, नातवाच्या खांद्याचा आधार घेत, झेंडू-शेवंतीचा, तिच्या पायांपर्यंत लोंबणारा.

"घ्या बाई, मान खाली करा," गुरुपादप्पा म्हणाले.

"खबरदार बाई, मान हलवशीला तर," केवळाबाई म्हणाल्या.

बाईंना तेव्हा कुठे ती कुकरची शिट्टी आठवली.

"दोन्ही एकदम घाला की," त्या म्हणाल्या.

"एकदम न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले. "आधी एक, मग एक. मानकरी म्हणालात तुम्हीच."

"मी आपलं रिवाजाप्रमाणे..."

"मग रिवाजानंच ठरू द्या!"

पटांगण उठलं. डावीकडचे म्हणाले पेत्र, उजवीकडचे म्हणाले शुद्ध वचन. डावीकडचे म्हणाले दोन हजार वर्षं, उजवीकडचे म्हणाले त्यातली हजार वर्षं तुम्ही बिघडवण्यात घालवली. फादर आणि पाळकसाहेब, दोघे शेजारी शेजारी खुर्च्यांवर, एकमेकांकडे बघून एकाच वेळी चष्मा पुसू लागले. तेवढ्यात मागून एक बारीक, ठाम आवाज आला. सरकारी दवाखान्यातल्या नर्स, केरळच्या अलियम्मा सिस्टर. चौदा वर्षं इथे असल्याने मराठी फाडफाड, फक्त अनुस्वार जरा जास्त.

"एक्सक्यूज मी. भांडू नका. पेत्र रोमला गेला ना, त्या सुमारालाच थोमा आमच्या गावाला आला होता. सन बावन्न. आमच्या घरात अजून सांगतात कुठल्या धक्क्यावर उतरला ते. मग माझा हार पहिला. पण मी आणला नाही, मला माहीत नव्हतं."

सन बावन्न! दोन्ही बाजूंना एकदम कळलं की घरातल्या भांडणात पाहुणाच वडील निघालाय.

"ती लग्नातली पार्टी न्हाई," गुरुपादप्पा सावरून म्हणाले. "ती बाद."

"मी जेवायला तरी आहे ना?" अलियम्मा म्हणाल्या.

लोक हसले, पण हार तसेच हवेत. बाईंनी दयानंदकडे पाहिलं. तो पेटीवर डोकं टेकून बसला होता. ऋतुजा बायकांच्या पहिल्या रांगेत. मघापासून ती हसत होती, सासूच्या गोष्टीला तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आताही डोळ्यांत पाणी होतं, पण ते वेगळं. सुदर्शन आजीला धरून उभा, आणि आजीकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

हे केवळाबाईंनी पाहिलं. खांद्यावरच्या हाताला डोळ्यांचं सगळं कळतं.

म्हातारी एकदम म्हणाली, "थांबा. मला बसू द्या. न्हाई, उभीच राहते, गादीपुढं खरं बोलायचं तर उभं राहूनच." तिने हार नातवाच्या हातात दिला. "बाई, तुम्ही येवढा सगळ्या मुलखाचा इतिहास सांगितलात. आमचा तेवढा राहिला. मी सांगते."

"आजी, ते स्वप्नाचं?" सुदर्शन म्हणाला. हे सगळ्या गावाला पाठ होतं. केवळाबाईंच्या आजेसासऱ्यांच्या स्वप्नात मरियामाता आली, म्हणाली पश्चिमेला जा, आणि ते उठून फादरकडे गेले, बाप्तिस्मा घेतला. दर नाताळाला म्हातारी हे सांगायची.

"स्वप्न न् बिप्न काय न्हाई. मलाच सासूनं मरताना खरं सांगितलं, आन् वर शपथ घातली, कुणाला बोलू नको म्हणून. बोलते आता, तिला वर गेल्यावर समजावीन. दुष्काळ होता. मांजरेच्या पल्याड गोरा साहेब तंबू ठोकून बसलाय, शिकवतो बी, ज्वारी बी देतो, असं कळलं. मेथडिस्ट साहेब. आमचे आजेसासरे बायकापोरं गाडीत घालून तिकडंच निघाले. नदीवर आले. पाणी गुडघाभर. आन् बैल बसला."

"बसला?" गुरुपादप्पा.

"पाण्यात! मारला, ओढला, शेपूट पिरगाळलं. न्हाई म्हंजे न्हाई. सांज होऊन राहिली. शेवटी गाडी फिरवली तसा पठ्ठ्या उठला न् असा सुटला, असा सुटला, की थेट फादरच्या विहिरीवर येऊन पाणी पिला. फादर बाहेर आले, म्हणले या. आम्ही गेलो. झालो कॅथलिक." केवळाबाईंनी दम घेतला. "पेत्र न्हाई, रोम न्हाई. बैलाची कृपा."

आधी फादरच हसले, पोट धरून. ते हसले म्हटल्यावर सगळी डावी बाजू हसली. गुरुपादप्पांना तर आनंदाने बोलता येईना. "म्हंजे... म्हंजे तुम्ही आमचेच! आमच्याकडंच निघाले होते! हौदु, होच की, आमचेच हो!"

"निघालो होतो. पोचलो न्हाई. देवाला पोचवायचं असतं तर बैल बसला असता का?"

आणि पुन्हा सगळं जागच्या जागी आलं असतं. पण आता लताबाईंच्या अंगात कीर्तन चढलं होतं. त्या गादीवरून पुढे वाकल्या, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून 'हो' इतक्याच लवकर निघालं.

"मग बैलालाच विचारू या!"

"काय?"

"प्रभूंच्या बारा जणांतली एक जागा रिकामी झाली, तेव्हा त्या उरलेल्या अकरा जणांनी काय केलं? चिठ्ठ्या टाकल्या! देवावर सोडलं! तेव्हा रोमची गादीही नव्हती आणि वेस्लीही. फादर, खरं की नाही? पाळकसाहेब?"

दोघांनी एकदम मान हलवली. त्या दुपारी दोघांचं एकदमच झालेलं हे दुसरं काम.

"चिठ्ठी बैलाची. रस्त्यावर सोडायचा. पूर्वेला गेला तर तिथं लग्न, पश्चिमेला गेला तर तिथं."

सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. हणमंतराव घाईने खाली उतरले. "ओ बाई, माझा बादशाह हाय. याला बाप्तिस्मा-बिप्तिस्मा काय देणार न्हाईत ना?"

"नाही हो!"

"मग सोडतो. पन कुणी चारा दाखवायचा न्हाई!"

मग जे झालं ते पिंपळवाडीने पुढे वर्षभर सांगितलं. चारशे माणूस रस्त्याच्या दोन्ही कडांना, चिडीचूप. बादशाहचं तोंड मुद्दाम शाळेच्या भिंतीकडे केलेलं, म्हणजे कुणाची तक्रार नको. जू काढलं. बैल उभा राहिला. कान हलवला. उजवा कान हलवला म्हणून मेथडिस्टांत खसखस पिकली. मग सावकाश, सगळ्या गावादेखत, त्याने रस्त्यावर धार धरली.

"याचा काय अर्थ?" अलियम्मांनी विचारलं.

"दोघांवरबी," हणमंतराव म्हणाले.

धार संपली. बादशाहने मान वळवली. पश्चिमेकडे. दोन पावलं, तीन पावलं, केवळाबाईंनी नातवाचा हात आवळला. पण तिकडे, कॅथलिक फाटकाशी, उत्साहाच्या भरात कुणीतरी आधीच ढोल तयार ठेवला होता, आणि त्या बहाद्दराला दम निघाला नाही. एकच ठोका! बादशाह जागच्या जागी गर्रकन फिरला, घुंगरू खणाणले, आणि पटांगणासमोरून, गादीसमोरून, हक्काबक्का झालेल्या गुरुपादप्पांना वळसा घालून जो पूर्वेला सुटला, तो मेथडिस्ट चर्चच्या दारात जाऊनच थांबला.

कुणी ओरडायच्या आधी केवळाबाई ओरडल्या. दोन्ही हात वर करून, चौऱ्याऐंशी वर्षांच्या गळ्याने:

"गेला रे गेला! शंभर वर्षांनी नदी ओलांडली आमच्या बैलानं!"

आणि मग उजवी कुठली, डावी कुठली. ऋतुजा धावत येऊन म्हातारीच्या गळ्यात पडली, तर तिने झेंडू-शेवंतीचा हार नातवाच्या हातून काढून पोरीलाच घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. फादर म्हणाले, बिशपसाहेबांची परवानगी मी काढतो, मिळते ती, आणि लग्नाला मी येईन, आशीर्वाद मीही देईन. दयानंद पेटी गळ्यात अडकवून रस्त्यावर आला, कारण लताबाई चिपळ्या वाजवत बैलामागे निघाल्या होत्या. हार पडला नव्हता, पण उत्तररंग आपोआपच सुरू झाला होता. काना गावचं लग्न चालता चालता, धुळीत, दोन्ही मंडळ्यांच्या कोरसात.

एकटे गुरुपादप्पा मागे. जिंकलेले. हातात गुलाबाचा हार, आणि चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाचं ते भांबावलेपण. ते धावत धावत केवळाबाईंना गाठून म्हणाले, "मावशी, पण... आमच्या चर्चात ऐंशीच माणसं बसतात. तुमचे, आमचे, गाव, चारशेच्या वर होतील. बसवू कुठं? जेवायला वाढू कुठं?"

केवळाबाई थांबल्या. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं.

"ती आता तुझी काळजी, गुरुपाद्या. मूळचं चर्च तुझं ना? मग पेत्राच्या सासूगत पदर खोच आन् वाढ."

लताबाईंना इतकं हसू आलं की काना गावचं लग्न मधेच थांबलं, आणि उरलेला उत्तररंग त्यांच्याऐवजी गावानेच गाऊन पुरा केला.